उद्याची थाप

दर शुक्रवारी संध्याकाळी बिराजदार मॅडमचा फोन यायचा आणि मी तो उचलला, की नमस्कार-चमत्कार काही न करता त्या विचारायच्या, "सर, उद्याची थाप काय?" त्यामुळं त्या शुक्रवारी मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं तेव्हा मीच घाई केली. "निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या एकाही शाळेत मराठी शिकवली जात नव्हती. कशी आहे?" पलीकडं कुणी बोलेना. मला वाटलं, मॅडम विचार करून राहिल्या. मग एका पुरुषाचा आवाज आला, "सर, मी भाचा बोलतोय त्यांचा, लातूरहून... आत्या गेली." दुपारी जेवून जराशा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. मी "बरं" म्हणालो. अशा वेळी माणूस काहीही बोलतो. फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो असा, की आता उद्याचं काय करायचं?

ही थापेची काय भानगड, ते सांगायला हवं. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि निर्मला बिराजदार आमच्या ग्रंथपाल होत्या. दरवर्षी एम.ए.ची नवी मुलं आली, की त्यांना एकदा ग्रंथालय दाखवायचं, कपाटं कुठं आहेत ते सांगायचं, सह्या घ्यायच्या, एवढाच आमचा रिवाज. एका वर्षी मॅडम थेट आमच्या विभागात आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "सर, तुमची पोरं माझ्याकडं पुस्तक मागायला येतात. प्रश्न घेऊन एकही येत नाही. तुम्ही शिकवा, मी मागं बसते. तुम्ही काही सांगितलं, की मी विचारीन, हे कुठलं." मी म्हणालो, मी खरं सांगितलं तर? "मग खोटं सांगा की," त्या म्हणाल्या. "तेवढं तर जमंल?"

असा आमचा शनिवारचा तास सुरू झाला. एम.ए.ची आणि पीएच.डी.ची मुलं वाचनकक्षात बसायची. वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारी लाकडी हातांची एक जुनी खुर्ची होती, ती मॅडमची. मी शिकवता शिकवता ठरलेली थाप, बहुतेकदा कुठल्यातरी पुस्तकात छापून आलेलीच, मारायचो आणि जरा थांबायचो. मागून आवाज यायचा, "सर, हे कुठलं?" मग आमची जुंपायची. शेवटी त्या मुलांना उठवायच्या, एकाला कपाटाकडं, दुसऱ्याला संगणकाकडं पिटाळायच्या आणि ते वाक्य पहिल्यांदा कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, ते शोधायला लावायच्या. तळटीप धरून मागं मागं जायचं. 'वाक्याच्या गावाला जाऊन यायचं,' हा त्यांचा शब्द.

हे 'कुठलं' त्यांनी पुस्तकातून आणलेलं नव्हतं. वडिलांचं उदगीरला डाळीचं दुकान होतं, पुढं भावानं ते लातूरला नेलं. दारात पोतं आलं, की वडील मूठभर डाळ तळहातावर घ्यायचे आणि भाव विचारायच्या आधी विचारायचे, "डाळ कुठली?" आमच्याकडं जेवायला आल्या, की मॅडमही वरणाचा पहिला घास घेऊन हेच विचारायच्या. माझी बायको म्हणायची, "ताई, आधी पोटभर जेवा तरी."

आमचं भांडण इतकं रंगायचं, की एकदा मुलांनी प्राचार्यांकडं तक्रार केली. ग्रंथालयातल्या मॅडम सरांचा भरवर्गात अपमान करून राहिल्या म्हणे. आम्हाला बोलावणं आलं. दोघं समोरासमोर बसलो आणि एकमेकांकडं बघायची सोय उरली नाही, इतकं हसू येत होतं. आमची युक्ती ऐकून प्राचार्य वैतागून म्हणाले, "पण मॅडम, थापा कशाला मारायच्या पोरांना?" तेव्हा मात्र त्या गंभीर झाल्या. "सर, खरं सांगितलं तर पोरं लिहून घेतात. खोटं सांगितलं तरी लिहूनच घेतात. मग फरक कळायचा कधी त्यांना?"

इस्लापूरकडची एक मुलगी आठवडी बाजारावर संशोधन करत होती. तिनं एका वाक्याचा माग काढला. एका प्रबंधात दुसऱ्याचा आधार, दुसऱ्यात तिसऱ्याचा आणि तिसऱ्यात पुन्हा पहिल्याचाच! ती रडकुंडीला आली. "मॅडम, हे तर कुणाचंच न्हाई." मॅडम म्हणाल्या, "लई बरं झालं. म्हणजे अजून कुणी गेलंच नाही तिथं. तू जा, बाजारात बसणाऱ्या बायांना विचार." ती गेली, आणि तिचा प्रबंध आज आमच्या ग्रंथालयात आहे.

मला मात्र त्यांची एक सवय सगळ्यात जास्त आठवते. कधीतरी, फार क्वचित, त्यांच्या आधी एखादा विद्यार्थीच उठायचा आणि विचारायचा, "सर, हे कुठलं?" अशा वेळी मॅडम एक शब्द बोलायच्या नाहीत. चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. वर्षभराच्या हमालीची मजुरी ती. मी त्या नजरेसाठीच शिकवत होतो, असं आता वाटतं. निवृत्त होऊन त्या लातूरला भावाकडं राहायला गेल्या, तरी शनिवारची एसटी त्यांनी सोडली नाही. त्या आल्या नाहीत तर तास कसा घ्यायचा, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

शोकसभा झाली. एक जण म्हणाले, ग्रंथालयातलं प्रत्येक पुस्तक मॅडमनी वाचलेलं होतं. मान्यवरांनी माना डोलावल्या. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, "हे कुठलं? मीच सगळी वाचत बसले असते, तर पोरांना काढून कुणी दिली असती?" मी शेवटपर्यंत वाट पाहिली, कुणीतरी उठेल म्हणून. कुणी उठलं नाही. मीही नाही.

त्यानंतरचे काही शनिवार मी टाळले. कधी बैठक काढली, कधी तब्येत. मुलं विचारेनाशी झाली तेव्हा भीती वाटली. आणखी थोडे दिवस गेले असते, तर तो तास होता हेही कुणाला आठवलं नसतं. मग गेल्या शनिवारी गेलो. मॅडमच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. शिकवत शिकवत त्या वाक्यापाशी आलो, फोनवर मी त्यांच्या भाच्याला सांगितलेल्या. तेच म्हणालो. निजामाच्या राज्यात, मराठवाड्यातल्या एकाही शाळेत, मराठी शिकवली जात नव्हती. आणि थांबलो...

माना खाली, पेनं चालू. सगळ्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. मी थांबूनच. पहिल्या बाकावरच्या मुलीला माझी दया आली असावी. हळूच म्हणाली, "सर, पुढचं विसरलात का?"

"नाही," मी म्हणालो. "मॅडमची वाट बघून राहिलो."

बोलून गेलो. पेनं थांबली. डोळे पुसावेत, की मुलांकडं पाठ करून फळ्यावर काहीतरी लिहावं, कळेना. शेवटी खडू उचलला, तेवढ्यात मागून कुणीतरी घसा खाकरला. चाकूरचा किशन. वर्षभरात या पोराचा आवाज मी हजेरीपलीकडं ऐकलेला नव्हता. तो अर्धवट उठला होता.

"सर... ते मघाचं कुठलं? आमचे पणजोबा तर मराठी शाळेत गेल्ते म्हणत्यात."

"असं कोण म्हणतं?" मी विचारलं.

"घरात सगळेच म्हणत्यात." मग जरा थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखा तो म्हणाला, "पण त्यांना कुणी सांगितलं, ते इचारावं लागंल."

मला इतका आनंद झाला, की मी लगेच मान वर करून वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारच्या खुर्चीकडं पाहिलं.