वाघाला भिणारी आत्या

आमच्या आत्यासारखं भित्रं माणूस नागभीडच्या आसपास दुसरं नसेल. वीज कडाडली की ती कानात बोटं घालून बसे, पाल दिसली की खाटेवर चढे, आणि वाघाचं नाव तर घरात घेऊच देत नसे. ‘तो’ म्हणायचं, तेही हळू आवाजात. तरी मोहफुलं पडायला लागली की उजाडताच टोपली घेऊन ती त्याच्याच जंगलात जाई.

घरात मोजकं बोलणारी ही बाई जंगलात तोंड मिटत नसे. शेजारणीचं भांडण, भाजीचे भाव, कोणाची सून कशी, सगळं मोठमोठ्यानं. आवाज असला की ‘तो’ लांब राहतो, असं तिचं म्हणणं. फुलं वेचताना वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, म्हणून ती मला सारखी उभी करी.

माझे आईबाबा मिरची तोडायला तेलंगणात जात आणि मी विधवा आत्याजवळ राही. माझी दहावीची परीक्षा संपली त्याच वेळी बाबा तिकडे आजारी पडले आणि घरी पैसे येणं थांबलं. आत्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची, तिला थोडा पगार होता. अकरावीची फी मी तिच्याकडे मागितली.

“आज मी देईन. उद्या कोनाले मांगशीन? चाल माह्यासंग मोहाले.”

“आणि तो आला तर?”

“मले काय भेव नाई वाटत? पन दुसऱ्याच्या दारात उभं राहाचं मले त्याहून जास्त भेव वाटते.”

एका सकाळी ती अशीच कोणाच्या तरी लग्नातल्या वरणाची गोष्ट सांगत होती आणि मधेच गप्प झाली. मी मान वर केली. नाल्याच्या काठावर, पळसाच्या आडोशाला तो बसला होता. आमच्याकडेच बघत होता. आत्याचे दात वाजत होते. तिनं माझं मनगट धरलं.

“उभी राह्य. पळू नको. मांगं चाल, हळू.”

माझी नजर भरलेल्या टोपलीकडे गेली. “राहू दे ते,” ती पुटपुटली. आम्ही पाठ न फिरवता मागे सरत राहिलो. तो उठला, अंग ताणलं आणि नाल्यात उतरून गेला. रस्त्यावर आल्यावर आत्या खाली बसली आणि भडाभडा ओकली. घरी पोचेपर्यंत तिला ताप भरला होता.

ताप उतरल्यावर तिनं शेजारून दुसरी टोपली मागून आणली. मी येणार नाही म्हणून रडले. “नको येऊ,” ती म्हणाली, “मी जातो.” ती खरंच निघाली, आणि मला घरात बसवेना. मी धावत तिच्यामागे गेले. एका पोरीला अशा जंगलात न्यावं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

फुलं वाळल्यावर व्यापाऱ्याकडे तिनं मलाच पुढे केलं. भाव सांगताना माझा आवाज फुटेना. मी तिच्याकडे पाहिलं.

“माह्याकडे काऊन पाह्यते? फुलं तुही हायेत. बोल त्याच्यासंग.”

मी बोलले. अकरावीची फी मी भरली. पुढे नर्सिंग केलं आणि गडचिरोलीला नोकरी लागली. मी पैसे पाठवते म्हटलं तर आत्या म्हणे, “साडी घेऊन दे, पैसे नको.” जंगलात जाणं तिनं सोडलं नाही. मोहाच्या दिवसांत सकाळची ड्युटी करताना माझं लक्ष फोनकडे असे. मग तिचा फोन येई, “आली वो घरी,” आणि मला श्वास घेता येई.

गेल्या वर्षीही सकाळी फोन आला. मी निर्धास्त झाले. दुपारी शेजारच्या शांताबाईंचा आला. अंगणात फुलं वाळत टाकताना आत्या बसल्या जागी गेली होती.

मी पोचले तेव्हा बुद्धविहारातली माणसं जमली होती. आत्याचे थोरले दीर खिशात हात घालून म्हणाले, “खर्चाचं मी पाहतो.”

शांताबाई उठून उभ्या राहिल्या. “राहू द्या, भाऊ. तिनं आपल्या मातीचे पैसे ठेवले हायेत माह्याजवळ.”

दिरांनी हात खिशातून काढला. आम्ही तिला उचललं.