रक्ताचा डब्बा आन माही अक्कल

"पुन्हा लाल! सगळ्याच्या सगळ्या नळ्या लाल!"

अकोल्याच्या लॅबमधून स्नेहा मॅडम फोनवर ओरडून राहिल्या होत्या. फोन स्पीकरवर होता. माह्या बाजूले बसलेले निखिल डॉक्टर तापले. "मी रक्त नीटच काढलं होतं. तुमच्याकडेच काहीतरी बिघडतंय."

मी गाडी चालवून राहिलो होतो. मनात म्हनलं, शिकलेल्या लोकायचं भांडन आहे सुधाकर, तू रस्ता पाय.

मी रिसर्च प्रोजेक्टचा ड्रायव्हर. शिक्षन चौथी, तेही दोनदा. आमचं काम असं. भातकुलीकडचा भाग खारपानपट्ट्यातला, जमिनीतलं पानीच खारट. तिथल्या लोकायची किडनी खराब व्हाच्या आधीच ओळखता येते का, ते शोधाचं होतं. निखिल डॉक्टर गावात रक्त काढत. मी ते थंड डब्ब्यात अकोल्याले नेऊन देओ. स्नेहा मॅडम तपासत. दोघंही नवे. त्यायले टीमचं काम शिकवाले अमरावतीत मोठ्या मॅडम होत्या.

लाल म्हनजे काय, तं रक्ताची नळी मशीनमधी फिरवली का वर पिवळं पानी येते. तपासनी त्याची. रक्तातल्या लाल पेशी फुटल्या तं ते पानी लाल होते. त्याले हिमोलिसिस म्हनतात. मंग आकडे असे खोटे येतात का रिपोर्टमधी गाव मरनाच्या दारात, आन गाव तिकडं मजेत तूर सोंगून राहिलं.

गावात विमलकाकू होत्या, झेंडूच्या शेतीवाल्या. त्यायचा मोठा पोरगा किडनीनंच गेला. म्हनून त्यायनंच घरोघर फिरून लोक जमवले होते. दुसऱ्यांदा रक्त वाया गेलं तवा त्या डॉक्टरले म्हनल्या, "बाप्पा, मी लोकायले शब्द देल्ला. आता एकदाच. हेही फोकट गेलं तं गावात पाय ठेवू नका."

मोठ्या मॅडमनं दोघायले बोलावलं. मी चहा घेऊन गेलो होतो, म्हनून ऐकलं.

"निखिल, लॅब कधी पाहिलीस?"

"नाही, मॅडम."

"स्नेहा, गाव?"

"नाही."

"ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकलं म्हणजे टीम होत नाही. या वेळी दोघंही नळीसोबत जा. सुईपासून मशीनपर्यंत."

मले तं खुशीच झाली. म्हनलं, चला, माहं काम कोनीतरी पाहीन.

गावात रक्त काढून झालं. पहिला हात काकूनंच पुढं केला. डॉक्टर नळ्या घेऊन गाडीपाशी आले. मी मोठ्या ऐटीत डब्बा उघडला.

"हे काय आहे, भाऊ?" स्नेहा मॅडमनं विचारलं.

"बर्फ."

"आणि हे वर पांढरं?"

"मीठ. जाडं."

"मीठ कशाला?"

"मॅडम, बिना मिठाची जमत नाई."

"काय जमत नाही?"

"कुल्फी."

सांगाचं राहिलंच. ड्रायव्हर व्हाच्या आधी मी अंजनगाव सुर्जीत कुल्फी विकत होतो. बर्फात मीठ टाकलं का थंडी अजून कडक होते. कोनीतरी मले सांगतलं, "रक्त थंड ठेवा." मी म्हनलं, थंड काय असते ते यायले दाखवतोच. अकोल्यापर्यंत बर्फाचं पानी होये, नळ्यातलं गोठलेलं रक्तही पुन्हा पातळ होये. मी त्या पुसून, नवरीसारख्या सजवून खिडकीतून देओ. कोनाले काय समजनार?

"अहो, रक्त गोठून बर्फ झालं की पेशी फुटतात! आणि डब्यासोबतच्या जेलच्या थंड थैल्या कुठे आहेत?"

मी ड्रायव्हरच्या सीटकडं बोट दाखवलं. "त्या मी मानेखाली घेतो. ऊन लय राहते."

डॉक्टर मटकन खाली बसले. मले वाटलं चक्कर आली. हसून राहिले होते. काकू नाई हसल्या. "काहून रे सुधाकर, माह्या गावाच्या रक्ताची कुल्फी करून राहिला होता तू?"

मले तोंड लपवाले जागा दिसेना. पन नळ्या अजून डॉक्टरच्याच हातात होत्या. मॅडमनं माहा मसाला फेकला, डब्बा धुतला. काकूनं आपल्या फ्रिजमधल्या थंड पान्याच्या बाटल्या आनल्या. त्या टॉवेलात गुंडाळल्या, नळ्या वेगळ्या उभ्या ठेवल्या.

मूर्तिजापूरले चहा घेतला. डॉक्टर म्हनले, "ते फिरवायचं मशीन गावातच ठेवलं तर? पिवळं पाणी तिथंच वेगळं होईल."

"मला तेच हवं होतं. तुम्ही कधी विचारलंच नाही."

"तुम्ही सांगितलं नाही."

म्या म्हनलं, "आन मले तं कोनी..."

"तुम्ही चहा प्या!" दोघंही एकदमच बोलले. पहिल्यांदा त्यायचं जमलं.

अकोल्यात मशीन थांबलं. दोघंही नळीवर वाकले. वर पिवळं पानी, निरं पिवळं. डॉक्टरनं फोटो काढला आन पहिले काकूले पाठवला.

त्याच तपासनीत काकूच्याच किडनीची खराबी निघाली. अगदी सुरुवातीची. औषध सुरू झालं, काकू झेंडू तोडून राहिल्या. मशीन आता गावातच आहे.

नवे पोट्टे-पोट्ट्या शिकाले आले का मोठ्या मॅडम त्यायले पहिल्या दिवशी माह्या गाडीत बसवतात. म्हनतात, "यांना विचारा, काय करता आणि का करता." बरोबरच आहे. सोबतच्या मानसाले विचारलं तं तो सांगते. म्या तं कुल्फीचं पहिल्याच दिवशी, छाती फुगवून सांगतलं असतं.

बाकी सगळं ठीक. डॉक्टरनं काकूचं मीठ कमी केलं. मॅडमनं माहं बंद.