पडद्याकडे पाठ

बासष्टच्या युद्धात बंगळूरच्या आमच्या प्रचार कचेरीची सिनेमाची गाडी गावोगाव फिरे. लोकांचा प्रतिसाद वहीत लिहिणं हे माझं काम. मशीन चालवणारे अण्णा इथल्याच जुन्या मराठी घराण्यातले. ते कधी पडदा बघत नसत; त्याच्याकडे पाठ करून लोकांची तोंडं न्याहाळत. "आता बघा," म्हणत बोट वर करायचे, आणि नेमक्या त्याच क्षणी शेकडो माणसं टाळ्या वाजवायची. मी थक्क व्हायचो.

होसकोट्याला एकदा चालू खेळात आवाज गेला. जवान बर्फातून चालतच होते, पण 'आपले वीर आगेकूच करताहेत' हे सांगणारं कुणी उरलं नाही. मैदान चिडीचूप झालं. पुढे बसलेली म्हातारी कन्नडमध्ये म्हणाली, "किती दमलीत पोरं. जेवली असतील का?"

अण्णा वळले आणि पहिल्यांदाच पडद्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त झालं. संध्याकाळी के. आर. पुरमला बर्फातल्या जवानांचा तोच तुकडा आला, तसं मी सवयीनं त्यांच्या बोटाकडे बघितलं. ते आवाजाच्या बटणावर होतं. आवाज बारीक होत होत पार बंद झाला.

"बिघडलं काय, अण्णा?"

"नाही. स्वल्प बघू द्या त्यांना."

एवढी माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही.

टाळी एकही पडली नाही. मी वहीत 'प्रचंड टाळ्या' असं लिहिलं, आणि युद्ध संपेपर्यंत प्रत्येक गावापुढे तेच लिहीत गेलो.