थोरल्याची पहिली पाळी

महिपतकाका बोलायचे झाले की आधी खाकरतात, मग चष्मा वर सरकवतात, आणि मग येतं ते, "तर काय हां, बघ." जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलं. अजूनही "बघ" म्हणताना बोटं खडू धरल्यासारखी मिटतात.

घरामागच्या कातळात सुरुंग लावून, माती ओतून त्यांनी हापूसची कलमं जगवली. जमीन मात्र दोघा भावांची. डोंबिवलीच्या सदूला, म्हणजे धाकट्याला, ती बंगलेवाल्यांना विकायचीय. काकांना नाही. कोर्टात जायचं नाही, एवढ्यावरच दोघांचं एकमत. शिमग्याला आलेला सदू म्हणाला, मग पानांवरच ठरवू, दादा. तो थट्टा करत होता. काकांना थट्टा कधीच कळत नाही.

खेळ साधा. राजा, राणी, गुलाम, तीनच पानं. दोघांना एकेक, तिसरं उपडं. बिया दोघांना सारख्या; दर डावाला प्रत्येकाने आधी एक काजूबी टाकायची. मग एकाने आणखी एक लावली तर दुसऱ्याने तेवढीच लावायची, नाहीतर डाव सोडायचा. मोठं पान जिंकतं. ज्याच्या बिया संपल्या तो हरला.

काका दोन दिवस गणित करत बसले. सुटल्यावर राहवेना, सदूलाच बोलावलं.

"तर काय हां, बघ. गुलाम आला तर तिनातून एकदा राजा आल्यासारखी बी लावायची. जास्तदा लावलीस तर पकडला जाशील. कमी लावलीस तर तुझ्या राजाला कुत्रं विचारणार नाही. आणि ती एक वेळ कुठची, ते आपलं आपल्यालासुद्धा कळता नये. नजर टाकशील तेव्हा घड्याळाचा सेकंदकाटा बारा ते चारमधे असला तर लावायची, नाहीतर नाही."

मग दुसऱ्या खेळणाऱ्याने काय करावं, तेही सांगितलं. अर्धं उत्तर द्यायची त्यांना सवयच नाही. शेवटी म्हणाले, दोघंही असे बिनचूक खेळले तर दर डावात पहिली पाळी ज्याची, तो सरासरी अठरा डावांमागे एक बी हरतो. त्याला इलाज नाही.

आतून गंगाकाकूंनी विचारलं, अठराला एक म्हणजे काय मोठंसं? काका म्हणाले, संपेपर्यंत खेळायचंय. हळूहळू जाणार.

सदूचा चेहरा उतरला. "दादा, तू दुसरा बस. नायतर आलटूनपालटून खेळू."

"थोरला कोण?"

"तू."

"मग पहिली पाळी कोणाची?"

नैवेद्य, पालखीचा खांदा, त्या घरात सगळंच आधी थोरल्याचं. काकू म्हणाल्या, "ठेवा मान. कलमं जाऊ द्या."

ओटीवर डाव मांडला. दोघे भाऊ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत खेळत होते. मधेच काकांचा ढीग वाढायचा, काकू दारात यायच्या, मग ढीग पुन्हा खाली. शेवटची बी सदूकडे गेली तेव्हा त्याने ती उचललीसुद्धा नाही.

"एकही डाव चुकलो नाही मी," काका म्हणाले.

"नाहीच चुकलास, दादा."

पुढच्या सोमवारी जागा बघायला माणसं आली. कुठलं कलम कुठल्या साली धरलं, ते काका त्यांना सांगत फिरले. ती हो हो म्हणत टेप लावत होती.