पुंडलिकभाऊंचे ओले फडके

पुंडलिकभाऊंच्या सदऱ्याचा उजवा खिसा नेहमी ओला असे. त्यात एक पिळून ठेवलेले पांढरे फडके असे. कोणताही घोडा समोर आला, की मालकाला रामराम करण्याआधी ते फडके घोड्याच्या कपाळावर, मग गुडघ्यांवर आणि शेवटी खुरांवर घासत व उजेडाकडे धरून पाहत. फडक्यावर चोपडलेला रंग उतरला, तर रामराम करायचाच राहून जाई.

ते अकोल्याच्या जुन्या शहरातले. घरची फुलशेती. तरुणपणी मोर्णा नदीच्या पुलावरून झेंडू-शेवंतीचे गाठोडे घोडागाडीत घालून बाजारात नेत. पुढे टेम्पो आला आणि घोडा गेला. पण घोड्यांची पारख हातात राहिली. गेल्या पावसाळ्यात ते वारले, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आमची पहिली भेट अमरावतीला, माझ्याच अंगणात झाली. माझी भाची केतकी शाळेतल्या मुलांना घोडेस्वारी शिकवते. तिची घोडी पारू पंचावन्न इंच उंचीची, पायांनी निर्दोष आणि स्वभावाची गरीब. पण पंधरा वर्षांची. पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले होते, “आणखी एक वेत होऊ द्या. त्यापुढे तिच्या जिवाशी खेळू नका.” म्हणजे नर निवडण्याची संधी एकच होती. केतकीला मुलांना पेलणारे, आडव्या काठीवरून न बिचकता उडी घेणारे, लहान चणीचे शिंगरू हवे होते.

नर पारखायला बोलावलेले पुंडलिकभाऊ आले आणि त्यांनी पारूच्याच कपाळावर फडके घासले. मी जरा दुखावून म्हणाले, “अहो, ही विकायची नाही.”

“मालूम हाये बाई. हाताले सवय पडली. तुमी नाई का, हुशार पोराचा पेपर बी मांगून पुढून तपासत?”

मी चौतीस वर्षे विज्ञान शिकवले. कोणतीही निवड तक्त्यावाचून करू नये, हे मी मुलांना शिकवत आले. त्यामुळे मी अकरा रकाने आखले होते : उंची, पाठ, खांदा, गुडघे, खूर, चाल, वय, स्वभाव वगैरे. भाऊंनी तो कागद अदबीने दोन्ही हातांत धरला.

“हे त घोड्याचं मार्कलिस्ट झालं. पन कॉपी करून पास झाला का, ते कुठी लिवाचं?”

पहिला नर आम्ही मूर्तिजापूरच्या अलीकडे एका शेतावर पाहिला. मोबाइलवरच्या चित्रफितींत केतकीने त्याला नाचताना पाहिले होते. बांधेसूद, काळाभोर, मान कमानदार. कपाळावर गोंड्यांची झालर. माझे अकराही रकाने भराभर भरू लागले. भाऊंनी मालकाच्या परवानगीवाचून झालर वर केली. खालचे केस बारीक कातरलेले होते आणि तरीही शेजारी शेजारी दोन भोवरे दिसत होते. अंगावरच्या केसांच्या या चक्रांवरून आमच्याकडचे लोक घोड्याचे नशीब ठरवतात. कपाळावरचे जोड भोवरे अशुभ मानतात. भाऊंनी झालर खाली सोडली आणि थेट गाडीत जाऊन बसले. फडकेसुद्धा काढले नाही.

परतीच्या वाटेवर मी त्यांना चांगलेच सुनावले. केसांची दिशा आणि घोड्याची गुणवत्ता यांचा कार्यकारणसंबंध नाही, केवळ अंधश्रद्धेपायी उत्तम नर सोडणे हा त्या मुक्या घोडीवर अन्याय आहे, असे सगळे. बडनेरा येईपर्यंत ते फक्त “हो बाई” म्हणत राहिले. अपराधी विद्यार्थ्याचा “हो” आणि ऐकून न घेणाऱ्याचा “हो” यांतला फरक मला कळतो. तो दुसरा होता.

आठवड्याने त्यांनी आम्हांला अकोल्याला बोलावले. जुन्या शहराच्या कडेला, भाजीच्या वाफ्यांपलीकडे, एक छप्पन्न इंची मातकट घोडा उभा होता. एक कान फाटका. मालक रामदास हात पुसत आला आणि म्हणाला, “अगोदरच सांगतो, याच्या छातीवर खोटा भोवरा हाये. वरातीले याले कोनी नेत नाई.” मग भाऊंकडे न पाहताच पुटपुटला, “बसा, भाटवे.”

भाटवे म्हणजे बहिणीचे यजमान. भाऊंनी फडके घासले. ते कोरे निघाले. “हाच नर,” भाऊ म्हणाले.

माझ्या मनात शंकेने घर केले. तिकडचा भोवरा वाईट आणि मेहुण्याच्या घोड्याचा चांगला? मी “विचार करून कळवते” म्हटले आणि भाऊंना न सांगता दोनच दिवसांनी पशुवैद्यांना घेऊन पुन्हा तिथे गेले. रामदासने पत्ते दिले, तशी आम्ही त्या नराची तीन शिंगरे पाहिली. तिन्हींचे पाय सरळ. एक तर मोठे होऊन भाजीच्या गाडीला जुंपलेले, शेजारून ट्रक गेला तरी कान हलवून उभे राहिले. येताना मी मूर्तिजापूरच्या नराचा विषय काढला. पशुवैद्य म्हणाले, “त्याची दोन पिल्लं मी तपासलीत. गुडघे मागे झुकलेले. उडीला निकामी.”

निघताना रामदासच्या बायकोने आणखी एक गोष्ट सांगितली होती. बांधावरच्या एका विहिरीवरून मेहुणे-मेहुणे नऊ वर्षे बोलत नव्हते. “तुमच्या घोडीसाठी भाटवे या उंबऱ्यावर आले, बाई.”

मी भाऊंना फोन करून चौकशीची कबुली दिली.

“मले मालूम होतं. बरं केलं. नसती केली, त म्हटलं असतं बाईचं शिक्षण वाया गेलं.”

“पण रामदास मेहुणा आहे, हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगतलं असतं, त तुमी घोडा सोडून मलेच फडकं घासलं असतं.”

“मग त्या दिवशी भोवरा पाहून कसे परतलात?”

“भोवरा देवानं देल्ला, बाई. त्यात घोड्याचा काय गुन्हा? मी झाकनारा पाह्यला. जो भोवरा झाकते, तो गुडघा बी झाकते.”

मी तक्त्याला बारावा रकाना जोडला. त्याला शीर्षक मात्र सुचले नाही.

पारूला रामदासचाच घोडा दाखवला. अकरा महिन्यांनी, एका सकाळी ती सुखरूप व्याली. तासाभरात शिंगरू चार सरळ पायांवर उभे राहिले. छातीवर, बापासारखाच, भोवरा. भाऊ दुपारच्या एसटीने आले. शिंगराभोवती एक फेरी मारली, खाली बसून गुडघ्यांवरून नुसता तळहात फिरवला आणि उठले.

मी वाट पाहत होते. शेवटी मीच विचारले, “फडकं नाही काढलंत?”

“घरी राह्यलं, बाई,” ते म्हणाले आणि चहा मागितला.

सदऱ्याचा उजवा खिसा मात्र ओला होता.