तीनशे बारा वर्षांच्या माणसाचा दुखवटा

उम्म नदीमला, म्हणजे नदीमच्या आईला, दोन गोष्टी उत्तम यायच्या: माणसं जोडून देणं आणि दुखवट्याला बसणं. पहिली तिने बैरूतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं पगार घेऊन केली, दुसरी फुकट. कुणाचा हात आधी हातात घ्यायचा, किती वेळ बसायचं, काय विचारायचं नाही, यात अख्ख्या फुर्न एल-शब्बाक वस्तीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तीस वर्षं तिने लोकांचे फोन परदेशात जोडून दिले आणि शेवटी तिचीच पोरं तिकडे गेली. थोरला नदीम सिडनीला, रोला मॉन्ट्रियलला. उरलं शेंडेफळ, रवाद. "मी कुठं जात नाही, तुझ्या डोक्याची शपथ," असं तो म्हणाला होता. पण तीन रविवार झाले, तो जेवायला फिरकला नव्हता. त्यात शेजारच्या जॉर्जेटने त्याला परदेशी जाणाऱ्यांच्या दाखल्यांची भाषांतरं करून देणाऱ्याच्या दुकानात पाहिलेलं. जॉर्जेटच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण बाई खोटं बोलत नाही. म्हणून शनिवारी दुपारी उम्म नदीमने खजूर भरलेल्या मामूल बिस्किटांचा डबा भरला आणि टॅक्सीत बसली. एकच प्रश्न विचारायचा होता: जातोयस की नाही?

खोलीवर रवाद नव्हता. त्याच्या मित्राने सांगितलं, बदारो भागात 'ड्रॅगनची गुहा' म्हणून ठिकाण आहे, तिथे येईल पाचला.

गुहेत पाऊल टाकलं आणि तिला काही उमजेना. भिंतीवर तलवारी, छताला पंखवालं रबरी जनावर. एका टेबलावर टोकदार कानांची मुलगी बटाट्याचे तळलेले काप खात होती. कान खरे की लावलेले, हे बघायला उम्म नदीम दोनदा वळली. काउंटरमागच्या माणसाने तिच्यापुढे लाल पाण्याची छोटी बाटली ठेवली.

"घ्या मावशी, जखमा भरण्याचा काढा."

"मला रक्तदाबाची गोळी आहे बाबा, दुसरं औषध चालत नाही," ती म्हणाली. "रवाद कुठाय?"

"रवाद? आतल्या खोलीत सगळे त्याच्यासाठीच जमलेत."

आतल्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, आणि रांगेत काळे झगे घातलेली सहा-सात तरुण माणसं मुकाट बसलेली. मध्ये काळं कापड, मेणबत्ती, आणि कापडावर वीस तोंडांचा एक फासा. एका पोरीचे डोळे सुजले होते. कडेची पहिली खुर्ची रिकामी.

रवादसाठी! उम्म नदीमने घाईने मेलेल्याचा फोटो शोधला. फासा दिसला, फोटो मात्र कुठे नव्हता. नाही, रवादचं काही असतं तर आधी आईलाच बोलावलं असतं; हा दुसराच कुणी. तिने श्वास सोडला आणि पुढचं सगळं हातापायांनीच केलं. दुखवट्यात गोडाचा डबा! तिने तो झटकन काखेत लपवला आणि एका टोकापासून प्रत्येकाचा हात हातात घेत निघाली. "देव त्याला शांती देवो. तुम्ही सुखरूप राहा."

पोरं गोंधळून उभी राहिली, पण हात सगळ्यांनी दिला. दुखवट्यात कुणी हात पुढे केला तर बैरूतचं पोर तो कसा नाकारील? रिकाम्या खुर्चीत बसून तिने डबा खाली सरकवला. कुणीतरी शिंगाच्या पेल्यात काळं पेय आणून दिलं. दुखवट्यातल्या बिनसाखरेच्या कॉफीसारखं कडू होतं. चला, निदान एवढं तरी रीतीला धरून आहे, असं तिला वाटलं. ती बिअर होती.

"कोण गेलं गं?" तिने सुजलेल्या डोळ्यांच्या पोरीला हळूच विचारलं.

"सरदून. चार वर्षं आमच्याबरोबर होता."

"वय काय होतं?"

"तीनशे बारा."

उम्म नदीमने कानातलं यंत्र नीट केलं. "आणि कशाने गेला?"

"दरवाजा बाहेरून लावून एकटाच शत्रूसमोर राहिला, आम्ही निसटावं म्हणून."

"देवा! त्याला आई आहे?"

पोरीने पलीकडच्या दाढीवाल्याकडे पाहिलं. त्याच्या मांडीवर जाडजूड वही होती. हा करम, खेळातली गोष्ट रचून सांगणारा. "आई लिहायची राहिलीच," तो ओशाळून म्हणाला. "मावशी, खरं कुणी मेलेलं नाही. खेळातला माणूस आहे. रवाद त्याचं सोंग घेऊन खेळायचा. रवाद चालला ना मॉन्ट्रियलला, मग त्याला कोण खेळवणार? विमानतळावर रडायचं नाही असं ठरलंय, म्हणून आज इथं."

तिने पेला हातातच धरून ठेवला. इतका वेळ काही कळत नव्हतं तेच बरं होतं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात दारात रवाद उभा राहिला, काळ्या झग्यात. "आई? तू इथं?"

"तिकीट कधीचं?"

"उद्या जेवायला येऊन सांगणार होतो..."

"मी तारीख विचारली."

"चौदा."

तिला संताप आला. खोट्या माणसाला हे रीतसर निरोप देतात आणि जन्म दिलेल्या बाईला परक्यांच्या तोंडून कळतं! शब्द जिभेच्या टोकावर आले होते. पण रवादचे डोळे त्या पोरीपेक्षा जास्त सुजलेले तिला दिसले, आणि ती करमकडे वळली.

"त्या वहीत काय लिहिलंयस?"

"सरदून मेला, असं."

"खोड. उन्हाळ्यात आला तर कुठं बसेल तो? परदेशी गेलेले सगळे येतात उन्हाळ्यात."

"मग काय लिहू, मावशी?"

"बाहेर गेलाय, असं लिही. माझ्याकडे असे दोन आहेत." तिने रवादकडे पाहिलं. "तीन."

करमने खोडून लिहिलं. उम्म नदीमने वाकून खुर्चीखालचा डबा ओढला, झाकण काढलं आणि पहिली मामूल रवादच्या हातावर ठेवली.

"खा," ती म्हणाली. "कुणी मेलेलं नाही."