कौसाबाईचा बर्फ

मोरिवलीच्या कौसाबाईला मासळी टिकवायची अक्कल शिकवील, असा माणूस अजून जन्माला यायचाय. उल्हासनगरात कॅम्प पाचच्या बाजारात ती तीस वर्षं पाटी मांडून बसते. सिंधी गिऱ्हाईक पल्ला माशाचे कल्ले उचकून नाक मुरडायला लागलं, की ही ओरडते, "आँख देख उसकी! तेरे से जादा जिंदा है!"

मधूनच तिचे हात सुजायचे. भाकरी फुगावी तसे फुगायचे, दोन-तीन दिवसांनी आपसूक उतरायचे. "बर्फाचं हाय," ती म्हणायची. तिचा भाऊ सदू ऐन बाविशीत गळा सुजून गेला, तेव्हा गळ्यात काटा अडकला, असं घरानं ठरवलं. आणि लेक नेत्रा पोटात कळ येऊन गडाबडा लोळायची, ओठ वांग्याएवढा व्हायचा, तेव्हा कौसाबाईच शेजारणीला सांगायची, "कामाचा कंटाला. नाटका करतं."

शेवटी मुंबईच्या डॉक्टरानं नाव सांगितलं. ही सूज रक्तातून येते, आईकडून नाहीतर बापाकडून. ॲलर्जीच्या गोळ्यांना ती जुमानत नाही आणि गळ्यात उतरली तर श्वास कोंडतो. त्यावर एक इंजेक्शन होतं. औषध भरलेली काचेची पिचकारी, सूज सुरू झाली की पोटाच्या कातडीत टोचायची. दोन महिने वाट बघून एक हाती आली. नेत्रानं ती फ्रिजच्या दारात ठेवली. "आये, उन्हाला हाय. गरम होव देव नको." गोठू द्यायची नाही, हे सांगायचं राहून गेलं.

शुक्रवारी सकाळी लाईट गेली. नेत्रा कंपनीत कामाला. दुपारी फ्रिज आतून कोमट लागला, तशी कौसाबाईनं थर्माकोलचा खोका काढला. खाली बर्फ, वर मीठ, मध्ये पिचकारी, पुन्हा बर्फ. पापलेट लावावं तशी लावली. वर स्वतःशीच म्हणाली, "आता दोन दिस हलत नाय."

संध्याकाळी उघडून बघते तर काचेत पांढरा खडा. तिनं पिचकारी दोन्ही तळव्यांत धरून विरघळवली, पुसली, फ्रिजच्या दारात होती तशी ठेवली. शनिवारी बाजारातल्या औषधवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "अम्मा, जम गया तो खतम. फेंक दो."

ती घरी आली. नेत्रा भाकऱ्या थापत होती. जेवल्यावर सांगू, असं कौसाबाईनं ठरवलं. जेवल्यावर म्हणाली उद्या. रविवारी पाहुणे आले. सोमवारी नेत्रा हसत होती, तेव्हा जीभ रेटेना. फ्रिजचं दार उघडायचं झालं की कौसाबाई मान वळवून भाजी काढायची.

मंगळवारी नेत्रा सुट्टी घेऊन घरी होती; दुपारी तिचा ओठ चढला. अर्ध्या तासात आवाज घोगरा झाला. ती घाबरली नाही, औषध घरात होतं ना! पिचकारी काढली, पोटावर कापूस फिरवला. कौसाबाईनं झडप घालून तिचं मनगट धरलं.

"नको टोचू. ती मेली हाय."

"काय?"

"बर्फात घातली मी. गोठली."

"कवा?"

"सुक्रवारी."

नेत्रानं पिचकारी खाली ठेवली. तिला श्वास घ्यायला जड जात होतं.

शेजारच्या धर्मराजनं रिक्षा काढली. इस्पितळात नेत्राच्या फायलीतला कागद वाचून डॉक्टरीण म्हणाली, ते इंजेक्शन इथं नाही, रक्तातलं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, चढवू. ब्लड बँकेतून पिशवी आली ती दगडासारखी गोठलेली. कौसाबाई किंचाळली, "ही पन मेलीय!"

"मावशी, ही गोठवूनच ठेवतात. वितळायला अर्धा तास लागेल."

त्या अर्ध्या तासात कौसाबाई लेकीच्या छातीवरची नजर हलवीना. गळ्यात नळी घालायची तयारी करून दोन डॉक्टर उभे होते. नळी लागली नाही. पिशवी चढली आणि रात्रीपर्यंत श्वासाची घरघर थांबली.

सकाळी नेत्राचा आवाज फुटला.

"चार दिस, आये?"

कौसाबाईनं हात पदरात घेतले.

डॉक्टरीण फेरीला आली. "घरात अजून कुणाला असं होतं?"

नेत्रा भिंतीकडे बघत राहिली. कौसाबाईनं पदरातले हात बाहेर काढून पलंगाच्या कठड्यावर ठेवले. "माजं सुजतात. तीस वरसं मी बर्फाला बोल लावलाय. आन माजा भाव सदू गळ्यानंच गेला. काटा नव्हता त्याच्या गळ्यात. त्या दिवसा घरात मासलीच नव्हती."

हे शेवटचं तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

रक्त तपासायचं ठरलं. सिस्टरनं तिच्या दंडाला रबर बांधलं, मूठ आवळायला सांगितली आणि सुई घातली. नळीत रक्त चढायला लागलं.

"भरपूर घे," कौसाबाई म्हणाली.

"एवढं पुरतं, मावशी."

"घे गो. मना काय त्याचा उपेग."

नेत्रानं भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हटलं, "आये, मूठ सोर आता. झालं सिस्टरचं."